झांज आली का

पंधरवड्यापूर्वी दोरीवरून बनियन काढताना त्यावर एक काळा कण दिसला. बोटानं झटकायला गेलो तर रेघ उठली. म्हणजे बॉयलर पेटला. साखर कारखाना सुरू झाल्याची बातमी आमच्या कॉलनीत पेपरातून कधी येत नाही. ती आधी कपड्यांवर येते, मग नाकात, आणि सगळ्यांत शेवटी कानात. काजळीच्या मागोमाग मळीचा आंबूसगोड वास येतो. मग फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि एका सकाळी चहा पिताना लक्षात येतं की कपातला चहा अगदी बारीक थरथरतोय. टर्बाइन फिरू लागलं. तो घुमारा एकदा लागला की होळीच्या पुढेमागेच थांबतो.

माझी बायको धारूरची. डोंगराकडेचं गाव, दिवे लागले की कुत्र्यांखेरीज कोणी बोलत नाही. लग्न होऊन ती पहिल्यांदा या क्वार्टरमध्ये आली तेव्हा हंगाम ऐन भरात होता. दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "अहो, हे बंद कधी करतात?"

"होळीला," मी म्हणालो.

ती चेष्टा समजून हसली. आता तिचंही आमच्यासारखंच झालंय. घुमाऱ्यात झोप लागते, आणि काही बिघाड होऊन गिरणी थांबली तर सगळी कॉलनी जागी होते. खिडक्यांत दिवे लागतात. शांततेनं जाग येणारी माणसं आम्ही.

यंदा बैलांच्या घुंगरांचा आवाज मात्र फारसा येत नाही. पूर्वी माजलगावच्या रस्त्यानं टायरगाड्या येऊ लागल्या की तो आवाज आमच्या ओट्यापर्यंत यायचा. आता ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले. निदान मी तसं धरून चाललो होतो.

हंगाम लागला की मला वैजनाथची चकती आठवते. चकती म्हणजे सीडी. हा शब्द त्याचाच. नव्वदनंतरची ती वर्षं होती. बाजार खुला झाला, असं पेपरात रोज यायचं, आणि तो खुला झाला म्हणजे नेमकं काय झालं हे आम्हाला माजलगावच्या दुकानांत कळायचं. काल नव्हतं ते आज काचेमागे मांडलेलं असायचं. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या. टेलिफोनच्या बूथवर पिवळे बोर्ड लागले. कुकर, मिक्सर, घड्याळं, दारावरच्या चिमणीसारख्या चिवचिवणाऱ्या घंट्या. त्यातल्याच एका वर्षी, गळीत नुकतं सुरू झालेलं असताना, वैजनाथच्या पुण्याच्या मेहुण्यानं सीडी वाजवायचं यंत्र आणि एक चकती आणून दिली. चकतीवर होतं तेच, जे आम्ही गेली कित्येक वर्षं वैजनाथच्या काळ्या तबकडीवर ऐकत आलो होतो.

वैजनाथ हा माझा मित्र. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट, तो पॉवर हाऊसमध्ये टर्बाइनवर. माझं काम रस, पाक, मळी यांचे आकडे काढायचं, त्याचं काम यंत्र ऐकायचं. हे मी उगाच लिहीत नाही. तो खरंच ऐकायचा. हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचा आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचा. वैद्य नाडी बघतो तसा. मग म्हणायचा, "गप हाय. झोपलंय." किंवा, "हे बारीक शीळ घालतंय, ग्रीस मागतंय." पॉवर हाऊसमध्ये कानात कापूस घाला अशी पाटी होती. तो घालायचा नाही. म्हणायचा, "कापूस घातल्यावर ऐकू काय, माझं कप्पाळ? कानावर चूल पेटते बे माझी."

त्यानं औरंगाबादला डिप्लोमा केला होता. तिथल्या होस्टेलात त्याच्या खोलीत मुंबईचा एक मुलगा होता. तो परदेशी गेला आणि जाताना जड सामान नको म्हणून तीन तबकड्या वैजनाथला देऊन गेला. लांब केसांच्या गोऱ्या पोरांचं गिटार आणि ढोलांचं संगीत. त्यांतल्या दोन तबकड्या आम्हाला कधी आवडल्या नाहीत. तिसरीनं मात्र आमचं काहीतरी धरून ठेवलं. नाव लिहीत नाही. ज्यांनी ऐकलीय ते वर्णनावरून ओळखतील आणि ज्यांनी नाही ऐकली त्यांना नाव कळून उपयोग नाही. शब्द आम्हाला अर्धेअधिक कळायचे नाहीत. वैजनाथचं वडिलोपार्जित घर चौसाळ्याचं, किराणा दुकान आणि सोमवारचं शिवाचं भजन. माझ्याही घरी तसंच. टाळ-मृदंगावर वाढलेल्या आमच्या कानांना त्या तबकडीत एक ओळखीची जागा सापडली होती. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यात आधी नुसतं गिटार वाजतं. तारेवरून बोट सरकताना कर्र होतं तेही ऐकू येतं. मग गाणारा श्वास घेतो. मग दोन कडवी. आणि दुसरं कडवं संपतं तिथं सगळी वाद्यं थांबतात, अन् ढोलवाला एकदाच, अगदी हलक्या हातानं, झांजेवर काठी टेकवतो. पितळी भांड्याला नख लागावं तसा आवाज. ती झांज तो दाबत नाही, तशीच सोडून देतो. ती विरत जाते, आणि पूर्ण विरायच्या आत गिटार परत येतं.

ती झांज आली की आम्ही दोघं उजव्या हाताचं बोट वर करायचो. का, ते माहीत नाही. पहिल्यांदा त्यानं केलं, मग मी, मग तो रिवाजच झाला. हंगामात पाळ्या जुळायच्या नाहीत, पण आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याच्या घरी तबकडी लागायची. मंगलवहिनी, म्हणजे त्याची बायको, आतून म्हणायच्या, "झालं का तुमचं बोट वर करून? जेवायला वाढू का?"

तर ती चकती आली. इंद्रधनुष्यासारखी चकाकणारी, हातात घेतली तर वजनच नाही. मेहुण्यानं लावून दाखवली. पहिली गोष्ट जाणवली ती ही की मोहरी तडतडत नाही. तबकडीवर सुई टेकली की आधी तडतड व्हायची, कढईत मोहरी टाकल्यासारखी, आणि त्या तडतडीनं मन तयार व्हायचं. इथं काही नाही. शांतता, आणि एकदम गिटार. मेहुणा म्हणाला, "बघा भावजी, किती क्लीन."

वैजनाथ यंत्राकडे कान करून बसला. दुसरं कडवं संपलं, वाद्यं थांबली, त्यानं बोट वर केलं आणि तसंच धरून ठेवलं. गिटार परत आलं. त्यानं बोट खाली घेतलं. मेहुणा गेल्यावर मला म्हणाला, "झांज न्हाई बे ह्यात."

"आहे की. बारीक आहे, पण आहे."

"न्हाई. तडतड पुसायला गेले अन् संगं झांज बी पुसून काढली. गुळाची साखर केली ह्यांनी."

साखरेला नावं ठेवलेली मला चालत नाहीत, पोट त्याच्यावर आहे. मी म्हणालो, "साखरेत गोडी कमी नसते. जास्तच असते. मोजून सांगतो."

"तू मोजच. मी खातो."

पण मी त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावलं नाही, कारण मला स्वतःलाही ती चकती जरा पातळ वाटली होती. पुढं पुण्यात एका कॅसेटच्या दुकानदारानं सांगितलं की सुरुवातीच्या काळात बऱ्याच जुन्या संगीताच्या सीडी मूळ टेपवरून न करता तिच्या नकलेच्या नकलेवरून केल्या. प्रत्येक नकलेत थोडं वरचं, बारीक काही गळत जातं. रसाचंही तसंच आहे. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाताना दर वेळी काहीतरी भिंतींना चिकटून राहतं. तेव्हा वैजनाथचं काही खोटं नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं तर तो इतका खूश झाला की वहिनींना हाक मारून म्हणाला, "ऐकलं का? केमिस्टचा रिपोर्ट आला. माल भेसळीचा हाय."

त्या हंगामात वैजनाथ सगळ्याच मालावर चिडलेला असायचा. नवं घड्याळ आणलं, त्याचा गजर त्याला पुरेना. दारावर चिवचिवणारी घंटा बसवली, ती मुकी निघाली म्हणून काढून टाकली, आणि येणाऱ्यानं कडी वाजवावी असा हुकूम केला. नवा कुकर आणला तर त्याची शिट्टी होत नाही म्हणे. शिट्टी बदलली. परत बदलली. "खुल्या बाजाराचा माल हाय," तो म्हणायचा. "वरून चकाचक, आत जीव न्हाई. फोनवर बी माणसं आता पुटपुटत बोलत्यात. कावून? लाइनच तसल्या टाकल्यात." आम्ही हसायचो. त्या वर्षांत असं बोलणारे बरेच होते आणि बऱ्याच मालाबाबत ते खरंही होतं.

मध्ये मेहुण्यानं त्याच संगीताची दुसरी चकती पाठवली. वेष्टनावर लिहिलं होतं की आता मूळ टेपवरून पुन्हा नीट करून काढलीय. लावली. ती मोठ्यानं वाजत होती. बटण नेहमीच्या निम्म्यावर ठेवलं तरी खोली भरून जायची. ऐकताना मला ते चांगलं वाटलं आणि दहा मिनिटांत थकवा आला. कारण त्यात लहान-मोठं उरलं नव्हतं. श्वासही ढोलाएवढा. तेव्हा टीव्हीवरच्या जाहिराती तशाच झाल्या होत्या, निवडणुकीतले भोंगे तसेच, बाजारातले बोर्ड तसेच. सगळे एकाच पट्टीत ओरडायचे. पण एक होतं, झांज त्यात लख्ख होती. ताटाला वाटी लागावी इतकी लख्ख.

वैजनाथनं बोट वर धरलं आणि खाली घेतलं. "हितं बी न्हाई."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो यंत्राकडे बघत होता, कुणी उधार नेलेली वस्तू मोडून परत आणून द्यावी तशा नजरेनं. मी म्हणालो, "वैजू, आहे रे. चांगली वाजली."

"तुला तबकडीची सवय हाय, म्हणून वाटतंय. मनानं ऐकतोस तू."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो.

आमच्या प्रयोगशाळेत एक रिवाज आहे. रसाचा नमुना उंच काचेच्या नळीत घ्यायचा, त्यात तरंगता काटा सोडायचा, आणि काटा स्थिर झाला की त्यावरचा आकडा वाचायचा. पण वाचायचा दोघांनी. एकानं वाचायचं, आकडा मनात ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. दुसऱ्यानं वाचायचं. मग एकदम बोलायचं. आकडे जुळले तर लिहायचे. नाही जुळले तर वाद घालायचा नाही, मोठा-धाकटा बघायचा नाही, नमुना परत घ्यायचा. मी या खात्यात आलो तेव्हापासून हे असंच चालत आलंय, आणि मला वाटतं माझ्या स्वभावात जे काही बरं आहे ते याच रिवाजानं आलंय. तर आमची दोन वाचनं जुळत नव्हती. परत नमुना घ्यायला हवा होता, आणि तोही तबकडीवरच, जिच्याबद्दल आमचा वाद नव्हता.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी मी गेलो. कडी वाजवली. बराच वेळ वाजवली. वहिनींनी दार उघडलं. हात पिठाचे होते. म्हणाल्या, "भावजी, बरं झालं आलात. तुमच्या मित्राला सांगा, मला आता कुकरच्या शिट्ट्या नकोत. खणात तीन पडल्यात. कुकर शेजारणीला ऐकू येतो, ह्यांना येत न्हाई." आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मी काई म्हणले की म्हणत्यात, तू पुटपुटतीस."

वैजनाथ आत तबकडी पुसत बसला होता. मी म्हणालो, चकत्या नकोत, आज जुनीच लाव. तो खुलला. सुई टेकली, मोहरी तडतडली, गिटार लागलं. आणि मला लगेच कळलं की काहीतरी कमी आहे. आवाज घोंगडीखालून यावा तसा येत होता. तारेवरची कर्र नाही. श्वास नाही. मी यंत्राकडे बघितलं. त्याच्या ॲम्प्लिफायरला दोन खुंट्या होत्या, एक जाड आवाजाची, एक बारीक आवाजाची. बारीक आवाजाची खुंटी पार डावीकडे, शून्यावर. वहिनींकडून फडका मारताना फिरली असणार. मी उठून ती सरळ करणार होतो. तेवढ्यात दुसरं कडवं संपलं.

वाद्यं थांबली. खोलीत नुसती मोहरी तडतडत होती. वैजनाथचं बोट वर गेलं, चेहरा उजळला. "ही! ही बघ. ऐकलीस? आता हिला म्हणतेत झांज. आण तुझी चकती हिच्यापुढं."

मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

अशा वेळी माणूस काय करतो, मला माहीत नाही. मी त्या दुपारी काय विचार केला तेही नीट आठवत नाही. मला एवढंच दिसत होतं की हा माणूस उद्या सकाळी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून डोळे मिटेल, आणि बेअरिंगच्या जागी त्याला जे ऐकायची सवय आहे तेच ऐकू येईल. गप हाय. झोपलंय. आणि त्या टर्बाइनच्या आजूबाजूला प्रत्येक पाळीत माणसं उभी असतात.

मी म्हणालो, "वैजू, बारीक आवाजाची खुंटी कुठाय बघ."

"कुठाय म्हणजे?"

"बघ तर."

तो वाकला. बघितलं. बराच वेळ बघत राहिला, एवढीशी खुंटी, तिच्यावर एक पांढरी रेघ. मग त्यानं सुई उचलली, गाण्याच्या सुरुवातीला ठेवली, आणि खुंटी हळूहळू उजवीकडे फिरवली. माझ्या कानांत सगळं उघडत गेलं. तार करकरली, श्वास आला. कुणी खिडकी उघडावी तसं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिथं काही बदललं नाही. वाद्यं थांबली आणि झांज आली, विरत गेली, गिटार परत आलं. या वेळी त्यानं बोट वर केलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता.

"आली का?"

"आली."

"अन् मगाशी?"

"मगाशी नव्हती. खुंटी बंद होती."

त्यानं यंत्र बंद केलं. बाहेरून कारखान्याचा घुमारा येत होता, तो आम्हा दोघांनाही ऐकू येत होता. मग तो आतल्या बाजूला तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "म्हणजे कुकर चांगला होता म्हण की!"

वहिनी दारात आल्या. त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी कवाचं सांगायलेय," त्या म्हणाल्या, आणि पिठाच्या हातानंच पदर तोंडाला लावला. हसल्या की काय, ते मी बघितलं नाही.

फाटकापर्यंत तो मला सोडायला आला. म्हणाला, "हंगाम संपू दे. मग बघतो काय ते."

"हंगाम संपायला वेळ आहे. टर्बाइन थांबणार आहे का तोवर तुझ्यासाठी?"

"तू सांगणार का सायबाला?"

"तू सांग. तुझे कान आहेत."

"अन् मी न्हाई सांगितलं तर?"

"तर मी सांगेन. पण आधी तुला सांगून सांगेन."

"लई हरामी केमिस्ट हाय बे तू," तो म्हणाला, आणि परत फिरला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी साहेबांकडे स्वतः गेला. मला हे साहेबांकडून कळलं, त्याच्याकडून नाही.

औरंगाबादला तो कान तपासायला गेला तेव्हा मी बरोबर होतो. डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं, आणि आवाज ऐकू आला की बोट वर करायला सांगितलं. त्यानं काचेतून माझ्याकडे बघितलं आणि मला हसू आलं, त्यालाही आलं. इतकी वर्षं आम्ही बोटं वर करत आलो, आणि तपासणीही नेमकी त्याचीच. सुरुवातीला बोट भराभर वर जात होतं. मग जरा थांबून. मग डॉक्टर बटण दाबत होत्या आणि तो नुसता बसून होता, मांडीवर हात ठेवून, शाळेत उत्तर न येणाऱ्या पोरासारखा.

कागदावर एक रेघ निघाली. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. रेघ बरीच सपाट गेली आणि मग धारूरचा घाट उतरावा तशी एकदम खाली आली. डॉक्टर म्हणाल्या, गिरणी-कारखान्यांतल्या माणसांचे कान असेच जातात. सावकाश, आणि वरच्या आवाजापासून. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं.

वैजनाथनं विचारलं, "झांज कुठं येती ह्याच्यावर?"

त्यांना आधी कळलं नाही. मी समजावलं. त्यांनी पेनाचं टोक उजवीकडे, घाट उतरून गेल्यावर जिथं रेघ पडली होती, तिथं टेकवलं.

त्यानं ती जागा नीट बघून घेतली. "म्हणजे चकती बरोबर होती," तो म्हणाला.

त्याला टर्बाइनवरून काढून भांडारात घेतलं. पगारात फरक पडला नाही, पण पाळी सुटली, पाना सुटला. त्याच्या जागी आलेल्या माणसाला आठवड्याभरात तेलाच्या पंपाजवळ बारीक शीळ ऐकू आली. गिरणी थोडा वेळ थांबवून बेअरिंग बदललं. कॉलनी जागी झाली, परत झोपली. तेवढंच. ते जुनं बेअरिंग भांडारात जमा व्हायला आलं ते वैजनाथपुढंच. मी तेव्हा तिथं काचेच्या नळ्या घ्यायला गेलो होतो. त्यानं ते हातात धरून फिरवलं, कानाजवळ नेलं, आणि टेबलावर ठेवलं. "मी ऐकलं होतं ह्याला," तो म्हणाला. "माझ्या शेवटच्या पाळीला. गप होतं." नंतर म्हणाला, "हितं सगळीच गप असतेत. कागदात गुंडाळून पडल्यात. एक बी बोलत न्हाई माझ्याशी."

मला या सगळ्याचा अर्थ काढायचा नाही. मी आकडे काढणारा माणूस आहे. पण हंगाम परत आला की वाटतं, त्या वर्षांत आमच्या भोवती इतका नवा माल येत होता की काही कमी पडलं की आम्ही मालाकडे बोट दाखवायचो. आपल्याकडे बघायचं कुणाला सुचणार? आणि जुनं आम्हाला चांगलं वाटायचं, कारण जुन्यात जे गळलं होतं ते आम्ही आतून भरून काढत होतो. वैजनाथला त्या घोंगडीखालच्या तबकडीतून झांज ऐकू आली, हे खोटं नव्हतं. त्याचा चेहरा मी बघितला होता. ती कुठून तरी येतच होती.

तेव्हापासून रिवाज थोडा बदलला. तबकडी आता लावत नाही, सुई मिळत नाही. पहिली, पातळ चकतीच लावतो. दुसरीनं दोघांचंही डोकं उठतं. दुसरं कडवं संपतं, वाद्यं थांबतात, आणि वैजनाथ बोट वर करतो. आठवणीनं. मी मान हलवतो, म्हणजे बरोबर, आली. माझं काम तेवढंच, दुसरं वाचन. त्याचं एकदाही चुकलेलं नाही.

काल सुट्टी होती, म्हणून गेलो. वाटेत फाटकाशी बैलगाड्या थांबलेल्या होत्या, आठ-दहा तरी. बैल माना हलवत होते. त्यांच्या गळ्यांतली घुंगरं हलताना दिसली. मी जवळून गेलो, जरा थांबलो, परत चालू लागलो.

वैजनाथचे केस आता पार पांढरे झालेत. कानाला यंत्र आहे, पण संगीताच्या वेळी काढून ठेवतो, म्हणतो त्यातून सगळं पत्र्यावर वाजल्यासारखं येतं. वहिनींनी चहा आणून ठेवला. कपात बारीक थरथर होती. चकती लावली. गिटार आलं, गाणारा आला, कडवी झाली. वाद्यं थांबली. वैजनाथचं बोट वर गेलं.

मी थांबलो. खोली शांत होती. गिटार परत आलं.

तो माझ्याकडे बघत होता, मान हलायची वाट बघत. "आली का?"

मला त्याचं बोट दिसलं होतं. झांज ऐकली, की बोट बघून ती मनात वाजली, हे मला सांगता येईना.

"वैजू," मी म्हणालो, "परत लाव."